रूथवर मनन द्यायचंय, पण "तुमचे लोक ते माझे लोक" म्हणताना घसाच दाटतो

मिरजेची_सून:
जय ख्रिस्त सगळ्यांना. इथे नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझं माहेर भिलवडीकडचं. ऊस, थोडी हळद, घरात देव्हारा, खंडोबाचे टाक, अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पालच्या खंडोबाची जत्रा एक वर्ष चुकत नाही असं घर. लग्न मिरजेत ख्रिस्ती घरात, आमचं आम्ही ठरवलेलं, या मे महिन्यात अकरा वर्षं होतील. बाप्तिस्मा लग्नानंतर अडीच वर्षांनी घेतला आणि माझ्या मनाने घेतला, कुणी मागे लागलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते कारण दोन्हीकडून पहिला प्रश्न तोच येतो.

तर झालंय असं की आमच्या महिला मंडळाची बुधवारची सभा असते, त्यात सेक्रेटरी मावशी म्हणाल्या येत्या बुधवारी मनन (शास्त्रावरचं छोटं बोलणं) तू दे, रूथवर, तुला शोभेल. रूथ म्हणजे बायबलातली परक्या मवाब देशातली सून, नवरा वारल्यावरही सासू नामीबरोबर तिच्या गावी आलेली. बोलल्या प्रेमानेच हो, पण ते "तुला शोभेल" दिवसभर डोक्यातून जाईना. म्हणजे अकरा वर्षांनी पण मी "ती बाहेरून आलेली"च का? बाकीच्या बायका नुसतं उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकातला नंबर सांगितला की पुस्तक मांडीवर मिटलेलं ठेवून गायला लागतात, आणि मी अजून पानं चाळत असते, दुसरं कडवं येईपर्यंत मला पान सापडतं. लहान गोष्ट आहे पण दर रविवारी होते.

आणि माहेरी वेगळंच. संक्रांतीला गेले तर वहिनी सगळ्यांना हळदीकुंकू लावत लावत येते आणि माझ्यापाशी करंडा हातात धरून अर्धा क्षण थांबते. लावू का नको. मग हसते नि पुढे जाते. वाण देते, ओटी भरते, सगळं करते, पण तो अर्धा क्षण मला पुरतो.

मागच्या वेळी अण्णांनी पालहून आणलेला खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला, मी खाल्ला. सत्तरीचा माणूस, हात थरथरतात, नको कसं म्हणणार. हे मंडळात सहज बोलून गेले तर एकीने तोंडावर सांगितलं की हे चालत नाही.

आता मला दहा मिनिटं उभं राहून "तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव" म्हणायचंय. घरी आरशासमोर म्हणून बघितलं, "माझे लोक" पाशी आवाजच फुटेना. काय बोलू? आणि त्या खोबऱ्याचं काय, पाप झालं का माझ्याकडून?

जुना_मास्तर:
पोरी, मी साताऱ्याकडचा, शाळेतनं रिटायर होऊन बारा वर्षं झाली, मंडळीत (चर्चमध्ये) वडील म्हणजे पंच म्हणून पण बरीच वर्षं काढली, तेव्हा जरा अधिकाराने लिहितो, राग मानू नको.

आधी एक काम कर. रूथ पूर्ण वाच. चार अध्याय, ८५ वचनं, चहा गार व्हायच्या आत वाचून होतं. लोक पहिल्या अध्यायातलं सोळावं वचन लग्नपत्रिकेवर छापतात नि पुस्तक मिटवतात, तिथेच घोळ होतो. ते वचन म्हणजे शेवट नाही, तिथून तर सुरुवात आहे. रूथ रस्त्यात उभी राहून म्हणाली तुमचे लोक ते माझे लोक. बरं, पण त्या लोकांनी काय म्हटलं? ते बघ आता.

दोघी बेथलेहेमात पोचतात, सगळं गाव गोळा होतं, बायका विचारतात ही का नामी? आणि नामी काय म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा (म्हणजे कडू) म्हणा, मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. रिकामी! आणि ती हे बोलते तेव्हा शेजारी रूथ उभी आहे, डोक्यावर गाठोडं घेऊन असेल, पायाला धूळ, आईबाप सोडून आलेली, आणि सासू चारचौघात म्हणते मी रिकामी आले. गावातल्या एकाही बाईने विचारलं नाही की ही कोण पोरगी बरोबर. मी हे तीस वर्षं वाचत होतो नि मला कधी दिसलं नव्हतं, आमची सून लग्न होऊन आली त्या वर्षी दिसलं.

पुढे मोज. "मवाबी रूथ", "मवाबी रूथ", पाच-सहा वेळा तरी येतं. ती ज्या बवाजाच्या शेतात कापणीत पडलेली कणसं वेचायला जाते, तिथला मुकादम तर नावही घेत नाही, म्हणतो ती नामीबरोबर आलेली मवाबी पोरगी. पार चौथ्या अध्यायात, वेशीत पंचांसमोर बवाज तिच्याशी लग्न ठरवतो तेव्हासुद्धा मवाबी रूथच. म्हणजे तुझं जे चाललंय ते पवित्र शास्त्रात आहे, तू काही कमी विश्वासाची नाहीस.

आता तिचं स्वतःचं बोलणं बघ. दुसऱ्या अध्यायात ती बवाजाला म्हणते मी परकी असून माझ्यावर कृपादृष्टी का? तिसऱ्यात रात्री खळ्यावर तो विचारतो कोण तू, तर म्हणते मी रूथ. बस. मवाबी नाही, परकी नाही. लोकांचं मवाबी मवाबी चालूच आहे अजून, पण हिने आपल्यापुरतं सोडून दिलं.

आणि शेवटी त्याच गावातल्या बायका नामीला म्हणतात, तुझी सून सात मुलांपेक्षा तुला जास्त आहे. त्याच बायका हं, ज्यांना ती वेशीवर दिसलीच नव्हती. मधे काय झालं? एक हंगाम गेला. सातूची कापणी, मग गव्हाची. मग लग्न, मग मूल. थोडा वेळ नि रोजचं काम.

बुधवारी ते सोळावं वचन म्हणूच नको की. "रिकामी" वर बोल.

वचनाला_धरून:
मास्तरांनी छान लिहिलं पण मूळ प्रश्नाला बगल दिली. खोबऱ्याचं काय? १ करिंथ १०:२१ स्पष्ट आहे, प्रभूच्या प्याल्यातून आणि भुतांच्या प्याल्यातून दोन्ही पिता येत नाही. २८ वं वचन पण बघा, कुणी सांगितलं की हे मूर्तीला दाखवलेलं आहे तर खाऊ नका. ताईंना माहीत होतं ते पालच्या जत्रेचं आहे. वडिलांवर प्रेम असावं, नक्की असावं, पण रूथने पण मवाबातले देव मागे सोडलेच ना? तिची जाऊ अर्पा परत गेली, आपल्या लोकांकडे आणि आपल्या देवांकडे, असं लिहिलंय. दोन्ही दगडांवर पाय ठेवून कसं चालेल. कठोर वाटेल पण प्रेमाने सांगतोय.

कराडची_काकू:
वचनाला धरून भाऊ, २८ वाचलंत तर २७ पण वाचा आणि २९ पण वाचा. पौल म्हणतो समोर वाढलं ते विचारपूस न करता खा, आणि नको म्हणायचं तर ते ज्याने सांगितलं त्याच्या मनासाठी, तुमच्या स्वतःच्या मनासाठी नाही. आता अण्णांच्या मनाला खाल्ल्याने ठेच लागली असती का न खाल्ल्याने? तुम्हीच सांगा. आठव्या अध्यायात तर सरळ म्हटलंय की अन्नामुळे देवापुढे आपलं वजन वाढत नाही, न खाल्ल्याने आपण कमी होत नाही नि खाल्ल्याने जास्त होत नाही.

दुसरं, मला कायम नामान आठवतो. २ राजे ५. अरामचा सेनापती, कोड बरं झालं, आता परमेश्वरालाच मानणार म्हणतो, आणि लगेच अलीशाला विचारतो की माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन नमतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी मला क्षमा असावी. धनी, हाताचा आधार घेतलेला! आणि अलीशाने लांबलचक प्रवचन दिलं नाही, म्हणाला शांतीने जा. मी काही याच्यावरून नियम काढत नाहीये, तुम्ही लगेच काढाल म्हणून सांगते 🙂 पण संदेष्ट्याला जिथे तोंड बंद ठेवावंसं वाटलं तिथे आपल्या मंडळातल्या बाईला एवढी घाई कशाची.

आणि सुनबाई, आपल्या साताऱ्याचंच सांगते. ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० ला. मधली पाच वर्षं त्या बाईचं काय झालं असेल ते तिने स्वतः लिहून ठेवलंय, रडता रडता हसवेल असं. नवरा ख्रिस्ती आणि ही आपलं सोवळंओवळं सांभाळून. कुणी ओढून आणलं नाही, तिचं तिला समजलं तेव्हा आली. आणि टिळक पुढे १९१९ ला वारले, त्याआधी शेवटची दोनेक वर्षं साताऱ्यात राहून त्यांनी "देवाचा दरबार" म्हणून जे सुरू केलं त्यात बाप्तिस्मा घेतलेले नि न घेतलेले, येशूला मानणारे दोघेही एकत्र बसावेत असं त्यांच्या मनात होतं. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच गावात हा विचार करून झालाय. आणि आपण अजून खोबऱ्यावर.

वचनाला_धरून:
काकू, नामान नवा होता, ताईंना आठ वर्षं झाली बाप्तिस्मा घेऊन. एवढंच म्हणणं आहे. वाद नको, मी प्रार्थना करेन त्यांच्यासाठी.

पेत्र_मिरजकर:
ताई तुम्ही पुस्तकाचं पान शोधता ना, मी चौथ्या पिढीचा ख्रिस्ती आहे आणि मला पण नंबर पाठ नाहीत 😅 मी नुसते ओठ हलवतो. माझ्या शेजारी एक आजोबा बसतात त्यांना कळतं, ते मुद्दाम माझ्याकडे वाकून जोरात गातात म्हणजे मला शब्द ऐकू यावेत. त्यांना कधी थँक्यू म्हटलं नाही मी, हे लिहिताना लक्षात आलं.

आणि "बाहेरचे" म्हणाल तर शाळेत मला पोरं विचारायची तुम्ही घरी इंग्लिशमध्ये बोलता का रे. घरी आई ज्वारीच्या भाकरी थापतेय, आजी चुलीवर खरडा भाजतेय, आणि मी इंग्लिशमध्ये बोलतोय! नोकरीत पण तेच, दिवाळीला बोनसचा बॉक्स देताना साहेब विचारतात तुम्हाला चालतो ना. अहो लाडूच आहेत ना त्यात. म्हणजे जन्मापासून आत असलेल्याला पण बाहेर तो अर्धा क्षण भेटतोच, तुमच्या वहिनींचा करंडा तसा.

बाकी आमच्या मिरजेत कोण कुणाला बाहेरचं म्हणणार. डॉ. वॉनलेस यांचा दवाखाना इथे १८९४ चा. माझे पणजोबा तिथे वॉर्डबॉय लागले आणि मग आमचं घराणं मंडळीत आलं. म्हणजे चार पिढ्या मागे गेलं की आमच्या पण घरात टाक होते, कुठल्यातरी कोनाड्यात. ज्या मावशी "तुला शोभेल" म्हणाल्या त्यांच्या पणजीने पण कधीतरी कुठल्यातरी नंबरचं पान शोधलंच असेल की. फक्त त्यांना आता आठवत नाही, कारण ते बघणारं कोणी राहिलं नाही.

एक आणखी, मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूच्या वंशावळीत राहाबेपासून बवाज झाला असं आहे. राहाब म्हणजे यरीहोची, ती पण परकीच. म्हणजे बवाज स्वतः बाहेरून आलेल्या बाईच्या पोटचा, त्याने घरात लहानपणापासून बघितलं असणार आईला कोण कसं बोलतं ते. म्हणून मुकादमाला जे सुचलं नाही ते त्याला सुचलं असेल असं मला वाटतं. हे कुठे लिहिलेलं नाही, माझं आपलं.

जुना_मास्तर:
पेत्र, शाबास. आणि त्यात भर घाल, अनुवाद या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही असा नियम आहे. आणि या मवाबी रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. दहा पिढ्या मोजत बसले असते तर दावीद राजा बाहेरच्या कट्ट्यावर बसला असता. वचनाला धरून भाऊ, हे पण वचनच आहे हं.

जेवणाची जागा पण बघा, २:१४. बवाज म्हणतो इकडे ये, भाकर खा, घास बुडवून खा. ती कापणाऱ्यांच्या शेजारी बसते आणि तो भाजलेलं धान्य स्वतःच्या हाताने तिला देतो. आपल्याकडचा हुरडाच समजा. आणि ती पोटभर खाऊन उरलेलं पदरात बांधून सासूला घेऊन जाते. ज्या सासूने चारचौघात रिकामी म्हटलं होतं तिच्यासाठी. नंतर बवाज गड्यांना सांगतो पेंढ्यांतून थोडं थोडं मुद्दाम गाळा, ती सरवा वेचेल, तिला बोलू नका. सरवा वेचताना वाकावं लागतं, आमची आई भुईमुगाच्या शेंगांचा सरवा वेचायची दुसऱ्याच्या रानात, मला ठाऊक आहे मालक बांधावर उभा असला की मान कशी खाली जाते. बवाजाने दान दिलं नाही बघा, तिच्या हाताला आपोआप लागेल असं टाकलं. मान वर ठेवून तिला घरी जाता आलं.

मिरजेची_सून:
तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, काल रात्री दोनदा वाचलं, एकदा स्वयंपाकघरात आणि एकदा झोपताना. वचनाला धरून दादा, तुमचं पण वाचलं, प्रार्थना करा, गरज आहेच.

मास्तर, तुम्ही "रिकामी" लिहिलंत आणि मला एक गोष्ट आठवली जी मी मंडळात कधीच कुणाला सांगितली नाही. २०१९ चा पूर. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा, तुम्हाला आठवत असेल. भिलवडीत आमच्या घरात छातीएवढं. आई नि अण्णांना होडीतून काढलं नि माझा भाऊ त्यांना घेऊन आमच्याकडे आला. आता अण्णा म्हणजे माझ्या लग्नाला आले नव्हते. पाच वर्षांत एकदा आमच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता, मीच जायचे. तो माणूस दारात उभा, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, काखेत एक ओलं फडकं गच्च धरलेलं. आई म्हणाली कपडे राहिले, कागदपत्रं राहिली, पण हे सोडलं नाही त्यांनी. फडक्यात टाक होते.

मी घाबरले. सासूबाई आमच्या म्हणजे पक्क्या, पहाटे पाचला प्रार्थना, शास्त्र उघडल्याशिवाय चहा नाही. मला वाटलं आता काहीतरी होणार. त्या काही बोलल्याच नाहीत. आत गेल्या, फ्रिजवरची औषधांची टोपली नि बिलं काढली, ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्याने पुसलं, आणि अण्णांना म्हणाल्या दादा इथे ठेवा, इथे मांजर येत नाही. बस. एवढंच. आणि बंब पेटवायला गेल्या.

आठ दिवस होते दोघं. रात्री जेवायच्या आधी सासरे उभं राहून प्रार्थना करायचे तेव्हा अण्णा डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचे. कुणी सांगितलं नव्हतं. जाताना अण्णांनी टाक परत बांधून घेतले, आणि सासूबाईंना म्हणाले, ताई, पोरगी चांगल्या घरात पडली. त्यावर सासूबाई काय म्हणाल्या ते मी आजवर नीट ऐकलंच नव्हतं, काल रूथ वाचताना कानात आलं. म्हणाल्या, "पडली नाही दादा, आली. आमचं घर तिच्यामुळे भरलं."

मी तेव्हा भांडी घासत होते नि नळ चालू होता.

म्हणून बुधवारी हेच सांगणार आहे, फ्रिजचं. सासूबाई पहिल्या रांगेत बसतात, त्यांना आधी विचारलं सांगू का म्हणून, तर म्हणाल्या सांग, पण मांजराचं नको सांगू, लोक हसतील. मांजराचं तर सांगणारच.

कराडची_काकू:
अगं बाई. डोळे पुसत लिहितेय. वचनाला धरून भाऊ काय म्हणतात आता?

वचनाला_धरून:
काही नाही म्हणत काकू. फ्रिजवरच्या जागेबद्दल मला विचार करावा लागेल, घाईने उत्तर देणार नाही. ताई, मनन झालं की इथे लिहा कसं झालं.

पेत्र_मिरजकर:
ताई गाण्याचं काय ठरलं? मनन देणाऱ्यानेच गाणं निवडायचं असतं ना तुमच्यात पण?

मिरजेची_सून:
हो, मीच निवडणार. मुद्दाम असं शोधून ठेवलंय जे मागच्या अकरा वर्षांत आमच्या मंडळात एकदाही गायलं नाही. नंबर सांगितला की बघू कोणाचं पुस्तक मांडीवर मिटलेलं राहतं ते 🙂

जुना_मास्तर:
हाहाहा. कितवा नंबर ते तरी सांग.

मिरजेची_सून:
नाही सांगणार मास्तर. सासूबाई पण इथे वाचतात.